तरंगलं ते मेलं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चकाचककाका म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं, पण काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. माणूस होताच तसा. चहाचा कप हातात घेताना आधी कपाचा कान पुसायचे, मग काठ पुसायचे, आणि देणाऱ्याच्या बोटांकडे असं बघायचे की पुढच्या वेळी तो हात धुऊनच चहा आणायचा. स्वच्छतेचं वेड पुष्कळांना असतं आणि ते घरच्यांचा छळ करण्यात खर्ची पडतं. काकांना त्याचाच पगार मिळत होता. असं भाग्य किती जणांच्या नशिबी असतं?

काम म्हटलं तर साधं होतं. बिनखिडकीच्या एका खोलीत, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात चपट्या बाटल्या ठेवलेल्या असत आणि त्या बाटल्यांच्या तळाशी पेशी वाढत. कुणा रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या पेशी. तो रुग्ण कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पेशींची वाढ काही थांबत नव्हती. त्यांना खायला घालायचं म्हणजे दर दोन दिवसांनी बाटलीतला गुलाबी द्रव बदलायचा. त्या द्रवाला मोठं नाव होतं, किंमत त्याहून मोठी होती. काका त्याला पाणीच म्हणत.

या धंद्यातला पहिला धडा असा की पेशी जिवंत असली तर बाटलीच्या तळाला चिकटून बसते, आणि मेली की सुटून वर येते. म्हणून जुनं पाणी ओढून टाकलं की मेलेल्या पेशी त्याबरोबर जातात. काकांनी हा धडा चार शब्दांत बसवला होता, "तरंगलं ते मेलं, टाका." नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवत. बाकीचे लोक पाणी एकदा ओढत आणि नवं ओतत. काकांचं तेवढ्याने भागत नसे. ते बाटलीला बोटाने हलकीशी टिचकी मारत, एखादी पेशी अर्धवट सुटलेली असेल तर तीही सुटावी म्हणून, मग दोनदा विसळत, आणि मगच नवं पाणी घालत. त्यांच्या बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली अशा दिसत की बघणाऱ्याला तिथे जेवायला बसावंसं वाटावं.

घरी त्यांची बायको होती, आणि ती गाडी शिकवायची. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक होता. तो ब्रेक आणि तिचा आवाज यांच्या जोरावर तिने अर्ध्या वस्तीला रस्त्यावर आणलं होतं. शिकणारे तिला मास्तरीणबाई म्हणत. "क्लच दाबा म्हटलं, चिरडा नाही म्हटलं!" हे वाक्य तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, परत आले, आणि डॉक्टरांनी परवानगी देताच बाई पुन्हा गाडीत जाऊन बसली. सीटबेल्ट टाक्यांवर रुततो म्हणून तिने पोटाशी धरायला एक छोटी उशी शिवून घेतली आणि उशीवर मोठ्या अक्षरात भरतकाम केलं, "हळू चालवा."

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले होते की गाठ पूर्ण निघाली आहे, तरी दर सहा महिन्यांनी यकृत तपासत राहू. ते गेल्यावर तिने पलंगावरून काकांचा कोट ओढला.

"अहो, गाठ आतड्यात होती ना? मग हे यकृतात काय शोधणार?"

काका तेव्हा इतके घाबरलेले होते की खुर्चीसुद्धा पुसायला विसरले होते. पण उत्तर मात्र त्यांच्या तोंडात तयार होतं.

"त्यांची पद्धत असते तशी. एखादी पेशी सुटून रक्तातून तिकडे गेली तर, म्हणून बघतात. पण मी सांगतो ते ऐक. सुटलेली पेशी जगत नाही. मी रोज बाटल्याच्या बाटल्या ओततो. तरंगलं ते मेलं."

ती शांत झाली आणि झोपली. काका तिच्याहून शांत झाले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काकांनी काडी स्वतःच पैदा केली आणि तिच्यावर दोन वर्षं संसार केला. रोज बाटली विसळताना त्यांना मनोमन बरं वाटायचं. हे बघ, गेल्या. याही गेल्या. एकही जगत नाही.

आता घाईबाईकडे येऊ. ही प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढायची, वाक्यं अर्धी बोलायची, आणि स्वतःचा चहा स्वतःच्याच कोपराने सांडायची. काका तिच्या मागून फडकं घेऊन फिरत आणि तिच्यावर मुलीसारखी माया करत. पेशींना पाणी घालायचं काम तिने काकांवर सोपवलं होतं, कारण तिच्या हातून बाटल्यांना बुरशी लागायची. तिचा विषय काय आहे ते तिने एकदा पाठकोऱ्या कागदावर गोल काढून काकांना समजावलं होतं.

"काका, जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. डोळ्यात तीच, आतड्यात तीच. फरक एवढाच की कुठलं चालू आहे आणि कुठलं बंद. आतड्याच्या पेशी एकमेकींचे हात धरून बसतात, तर हात धरायचं एक जनुक आहे. आणि दुसरं एक जनुक आहे, त्याला आपण मुकादम म्हणू. मुकादम जागा झाला की तो हात धरणाऱ्याला बंद करतो. मग पेशी मोकळी. मग रक्त, मग यकृत."

"म्हणजे ते हात धरायचं जनुक बिघडतं?"

"नाही ना! गंमत तीच आहे. बिघडत काहीच नाही. नुसतं बंद होतं."

तिने पेशींमध्ये अशी सोय केली होती की बाटलीत एक औषध टाकलं की मुकादम जागा व्हावा. तो जागा व्हायला हवा, हात सुटायला हवेत, पेशी विस्कळीत व्हायला हव्यात. चार महिने ती औषध टाकत होती, आणि चार महिने काकांच्या चकाचक बाटल्यांच्या तळाशी पेशी एकमेकींना धरून अशा गुण्यागोविंदाने बसल्या होत्या की जणू कुटुंबाचा फोटो काढायचा आहे. तिने औषध वाढवलं. पेशींची नवी तुकडी आणली. यंत्र बदललं, घड्याळ बदललं, बसायची खुर्चीसुद्धा बदलली. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. शेवटी विभागाच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर हा विषय बंद, दुसरा घे. घाईबाई त्या दिवशी जिना एकेक पायरी उतरली.

काकांना तिच्याबद्दल वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण त्याच मनाच्या तळाशी त्यांना थोडा आनंदही झाला आणि त्याची त्यांना शरम वाटली. पेशी हात सोडत नाहीत म्हणजे चांगलंच आहे की! सोडला तरी तरंगतात, आणि तरंगलं ते मेलं. दोन्हीकडून बायको सुरक्षित.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बायको भांडी पुसता पुसता सहज म्हणाली, "गुरुवारचं स्कॅन मी रद्द केलं हो. हेडमास्तरांची परीक्षा आहे त्या दिवशी."

हेडमास्तर म्हणजे तिचे सध्याचे विद्यार्थी. शाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेले, आणि गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास. तिन्ही वेळा गाडी मागे घेताना एकाच खांबाला धडक. बाई जवळपास उभी नसली तर परीक्षेला बसणारच नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"मग पुढची तारीख घेतलीस?" काकांनी विचारलं.

"नाही. आणि घेणारही नाही."

"म्हणजे?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना, सुटलेली पेशी जगत नाही? रोज तुमच्या हाताखालून जातात. मग मी कशाला त्या थंडगार यंत्रात जाऊन झोपू? सुया कशाला टोचून घेऊ? शिवाय स्कॅनच्या आधी आठवडाभर तुमचं तोंड असं होतं की शिकायला येणारे विचारतात, घरी काही झालंय का म्हणून."

"अगं, पण डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर म्हणतात जगत असेल, तुम्ही म्हणता मरते. मी माझ्या नवऱ्याचं खरं मानते. नाहीतर सांगा सरळ, की त्या दिवशी खोटं बोललात."

आता बोला! तीस वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याचा शब्द प्रमाण मानल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो नेमका इथे यावा. तिला स्कॅनला जा म्हणावं तर स्वतःच्याच शब्दावरून पाय काढून घ्यायचा, आणि तो काढला तर दोन वर्षं ज्याच्यावर उभे होते ते काय होतं? काका ओटा पुसायला लागले. आधीच पुसलेला ओटा त्यांनी परत दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाईबाईच्या बाटल्या घेऊन बसले. टिचकी मारली. पंपाची नळी हातात घेतली, पाण्याला लावली, आणि हात तिथेच थांबला. डॉक्टर काय वेडे आहेत? सगळ्याच पेशी सुटताक्षणी मरत असतील तर जगभर लोकांची यकृतं कशाला तपासतात? प्रश्न बायकोचा होता. तो तिने उलटा धरून विचारला होता, एवढंच.

काकांनी नळी बाजूला ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकायचं पाणी जपून एका नळकांड्यात गोळा केलं. यंत्रात फिरवून पेशी खाली बसवल्या. त्यातला एक थेंब काचेवर घेऊन निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग पिऊन निळी होते. जिवंत पेशी त्याला दारातूनच परत पाठवते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळी, निळी, निळी. काकांचा जीव भांड्यात पडायला लागला. तेवढ्यात कोपऱ्यात एक दिसली. गोल, पारदर्शक, काठावर चमकणारी. मग तिच्या पलीकडे आणखी एक.

त्यांनी काच बदलली, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. शंभरात सहा-सात. मग औषध न घातलेल्या बाटलीतलं पाणी तपासलं. तिथे बहुतेक सगळ्याच निळ्या होत्या. म्हणजे काकांचं म्हणणं साध्या बाटलीपुरतं खरं होतं. मुकादम जागा झाला की खोटं.

शेजारीच जंतुनाशकाची बरणी होती. नळकांडं त्यात उपडं केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. महिना संपला असता, विषय बंद झाला असता, चार शब्द शाबूत राहिले असते. पण त्याच चार शब्दांच्या जोरावर बायको गुरुवारी स्कॅनला जाणार नव्हती. काका उठले आणि दारातून हाक मारली.

"अगं ए, जरा इकडे ये. आणि येताना स्टूल घेऊन ये, उभ्याने बघवणार नाही तुला."

घाईबाईने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे पाणी कुठलं?"

"तुझ्याच बाटलीतलं. टाकायचं."

"टाकायचं? म्हणजे रोज टाकताय?"

"पहिल्या दिवसापासून. टिचकी मारून, दोनदा विसळून."

"काका!" तिने कपाळावर हात मारला. "ज्यांच्यावर औषधाचा परिणाम झाला त्या सुटल्या, आणि तुम्ही त्या टाकल्या. ज्यांच्यावर झाला नाही त्या खाली राहिल्या, आणि मी चार महिने त्यांनाच विचारत बसले, बायांनो, तुम्ही का बदलत नाही! माझं उत्तर तुम्ही रोज मोरीत ओतत होतात?"

"थेट मोरीत नाही," काका खालमानेने म्हणाले. "आधी जंतुनाशकात, मग मोरीत."

ती इतकी हसली की स्टूल खरंच लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही खुर्ची बदलून! काकांनाही हसू आलं, पण पुरतं आलं नाही. तिला ते कळलं नाही. कळावं तरी कसं? त्यांच्या मनात तिच्या बाटल्या नव्हत्याच, बायकोचं गुरुवारचं स्कॅन होतं.

तिने त्याच दिवशी तरंगत्या पेशी तपासल्या. हात धरायचं जनुक बंद. चार महिने जे दिसायला हवं होतं ते शेवटी समोर आलं. उरलेल्या जिवंत पेशी तिने औषध नसलेल्या नव्या बाटलीत सोडल्या आणि बाटली कपाटात ठेवली. काकांची आता एकच आशा उरली होती. जगल्या असतील, पण जाऊन जाऊन कुठे जातील? बसायला जमणार नाही त्यांना. आज ना उद्या निळ्या होतील. एवढं झालं तरी पुरे, असं ते येता-जाता कपाटाला सांगत होते.

दोन दिवसांनी सकाळी घाईबाई ओरडतच आली. नव्या बाटलीच्या तळाशी पेशी बसल्या होत्या, आणि दोघी-तिघींचे घोळके करून एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"जनुक परत चालू झालं असणार, काका! तपासून बघीनच, पण दिसतंयच की. निघताना बंद, पोहोचल्यावर चालू!"

"म्हणजे मोडलेलं नव्हतंच," काका म्हणाले.

"नव्हतंच. मोडलं असतं तर आपण हात टेकले असते. जे बंद-चालू होतं त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. आज ना उद्या कुणीतरी भांडेल."

मॅडम येऊन बघून गेल्या. विषय चालू ठेव म्हणाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "आणि काकांना कुणीतरी विसळण्यापासून आवरा." सगळी खोली हसली. कुणीतरी चहा मागवला. काकांनी कप घेतला, पुसला नाही, तसाच टेबलावर ठेवला, आणि कोट न उतरवताच बाहेर पडले.

बसच्या आगारामागे एक मोकळं मैदान होतं, तिथे मास्तरीणबाईची शिकवणी चाले. हेडमास्तरांच्या हातातली पांढरी गाडी तिथे उलटी येत होती, थांबत होती, दचकत होती. काका मैदानाच्या कडेने अक्षरशः धावत गेले. बाईने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"अहो, इकडे कुठे? आणि कोट घालून? काय झालं?"

"जगल्या," काका धापा टाकत म्हणाले.

"कोण जगल्या?"

"सुटलेल्या पेशी. सगळ्या नाही, शंभरातल्या सहा-सात. पण जगल्या, आणि नव्या जागी जाऊन बसल्या. मी तुला खोटं सांगितलं नव्हतं गं. मला तसंच वाटत होतं. पण ते चूक होतं. मी चुकलो."

हेडमास्तरांनी कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

"दोन वर्षं तुम्ही तेच धरून बसला होतात?" बाईने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, मला धीर द्यायला म्हणालात."

"तुला नाही गं. मला." काकांनी खिडकीची कड धरली. धुळीने माखलेली होती, पण ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "मला भीती वाटते. तेव्हाही वाटत होती, आताही वाटते. तू स्कॅनला जा. मी बाहेर बसतो. माझं तोंड कसं का होईना."

बाईने पोटावरची उशी बाजूला केली, पर्समधून फोन काढला आणि रुग्णालयाला लावला. "मी परवा एक तारीख रद्द केली होती. ती परत हवी आहे... नाही, तब्येत ठणठणीत आहे. माझ्या नवऱ्याचा निकाल बदलला... गुरुवारीच? सकाळी? चालेल, लिहा." फोन ठेवून ती हेडमास्तरांकडे वळली. "गुरुवारी तुम्हाला एकट्याने जावं लागेल, सर."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी काकांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ताठ बसले. "जा बाई तुम्ही. फार तर काय, खांब. आमची जुनी ओळख आहे."

"आणि तुम्ही, तिथे उभं राहून काय करताय?" तिने हात मागे करून दार उघडलं. "बसा आत."

काका मागच्या सीटवर बसले आणि रडायला लागले. दोन वर्षांचं साठलेलं, हुंदके देऊन, परक्या माणसासमोर, लाज न बाळगता. गाडी आचके देत पुढे निघाली. हेडमास्तर सारखे आरशात बघत होते, तेव्हा मास्तरीणबाईचा आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला.

"आरशात काय बघताय, सर? रस्ता समोर आहे! त्यांना रडू द्या. दोन वर्षं उशीर झालाय त्याला."